पेंढ्यातली काच

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. पस्तीस वर्षं मी रोह्याच्या आसपासच्या सरकारी दवाखान्यांत नर्स होते. अजूनही सगळे मला सिस्टर म्हणतात. मालू हे नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलंय. दवाखान्यात आवाज चढवल्याशिवाय साधा कापूस मिळत नाही, त्यामुळे ती सवय लागली. मी निवृत्त झाले, राग झाला नाही. त्या रागाच्या भरात मी माझ्या मुलाला फोनवर जे बोलून बसले, त्यामुळे पुढचं सगळं रामायण घडलं.

आमची गाडी स्टँडर्ड हेरल्ड. अडुसष्ट सालची, फिकट निळी. तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उघडतं, ते बघायला रोह्यात अजून माणसं थांबतात. एकोणऐंशी साली पेणच्या एका डॉक्टरांनी ती विकायला काढली आणि आम्ही घेतली. गाडी चालवायला मी शिकले. माझे यजमान, दिनानाथ, शिकले नाहीत. ते माझ्या डावीकडे बसायचे आणि त्यांच्याकडे एकच काम होतं, डावं दार धरायचं. त्या दाराचं कुलूप पहिल्यापासून सैल. दार लागतं, पण चालत्या गाडीत खडखडतं. दोन-चार मेकॅनिकांनी त्यापुढे हात टेकले. मग दिनानाथ म्हणाले, "राहू दे, मी धरतो." आणि तेवीस वर्षं हा माणूस ते दार हाताने आत ओढून धरून बसला. पेणला जाताना, नागोठण्याला जाताना, अगदी लग्नाला जरीकाठी धोतर नेसून जातानासुद्धा.

दोन हजार दोन साली ते गेले. त्यानंतर पहिल्यांदा मी एकटी गाडी घेऊन निघाले, तेव्हा कुंडलिकेच्या पुलावर ते दार खडखडायला लागलं. मी गाडी बाजूला घेतली आणि पुष्कळ रडले. ते दार इतकी वर्षं गप्प का होतं, हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. तेव्हापासून मी त्या खडखडाटासकट गाडी चालवत होते. लोक म्हणतात, सिस्टर, जुनी झाली, काढून टाका. कशी काढून टाकू? त्या डाव्या सीटवर अजून त्यांच्या बसण्याचा खळगा आहे.

तर दोन हजार आठ सालच्या श्रावणात, एका मंगळवारी, वडखळ नाक्यावर पुढच्या डंपरच्या चाकाखालून एक खडा उडाला आणि माझ्या काचेवर बसला. आधी मुगाएवढा डाग दिसला. नागोठण्यापर्यंतच्या खड्ड्यांत त्या डागाला पाय फुटले आणि रोह्याला पोचेपर्यंत तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मोरूचा, म्हणजे माझ्या मुलाचा, फोन आला. मी बावळटासारखं त्याला सगळं सांगितलं.

"आई, आता पुरे झालं," तो म्हणाला. "आरटीओचं पासिंगही याच महिन्यात आहे ना? असल्या काचेवर कोण पास करणार? आणि त्या गाडीची काच आता मिळते तरी कुठे? भंगारात देऊन टाक. मी तुला छोटी नवी गाडी घेतो."

भंगार हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. "सोमवारी पेणला पासिंग आहे," मी म्हटलं. "त्या दिवशी गाडी पास झाली नाही, तर मी माझ्या हाताने भंगारवाल्याला चावी देईन आणि पुन्हा गाडीचं नाव काढणार नाही. ऐकलंस?"

मोरू माझाच मुलगा. तो शांतपणे म्हणाला, "ठरलं. मंगळवारी माणूस पाठवतो."

फोन ठेवल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण मी दिलेला शब्द मोडत नाही. वॉर्डात मोडला नाही, घरात कशी मोडणार?

रोह्यात हेरल्डला हात लावणारा एकच माणूस आहे, दाजी. सत्तरी गाठलेली, गुडघे गेलेले, पण बोटं शाबूत. त्यांनी कुठेकुठे फोन फिरवले आणि पेणच्या एका जुन्या स्पेअरच्या दुकानात माळ्यावर हेरल्डच्या दोन काचा असल्याची बातमी काढली. मुंबईतलं एक गॅरेज बंद पडलं तेव्हा त्या दुकानदाराने उचललेल्या.

गुरुवारी मी तडा गेलेल्या काचेतून बघत बघत पेणला गेले आणि त्यातली एक काच आणली. आणली म्हणजे काय, घरून नेलेली गादी मागच्या सीटवर पसरली, त्यावर काच निजवली आणि वर गोधडी पांघरली. पेशंट नेतात तशी नेली. नागोठण्याच्या अलीकडे एका खड्ड्यात चाक आपटलं, मागे बारीक 'टिक्' असा आवाज झाला. गोधडी उचलून बघितलं तर काच मधोमध उलली होती.

दाजींनी ती तुटकी काच उन्हाकडे धरून बघितली. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "शिस्टर, काच निजवून आणलीत?"

"गादीवर आणली. चांगली कापसाची गादी होती."

"तिला वाक हाय. निजवली का पोट अधांतरी ऱ्हातं, आन खड्ड्यात ते पोट खाली बसतं." मग म्हणाले, "आता एकच उरली. उद्या गाडी माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. चौकटीला गंज हाय, तो घासून रंग मारायला लागंल. तुमी एस्टीनं जा. पन काच एस्टीत घालू नका. आधी हमरापूरला जा. मातीचा गणपती नागपूरपावेतो धाडतात ती मानसं. सोंडंचं टोक मोडत नाय. त्यांना विचारा."

शुक्रवारी सकाळी मी दोन उशा पिशवीत कोंबून एस्टी पकडली. गादीचा अनुभव आला होता, तरी उशांवरचा माझा विश्वास उडाला नव्हता.

हमरापूर पेणच्या पुढे. तिथे त्या दिवसांत रस्त्यावरूनसुद्धा रंगाचा वास येतो. पहिल्याच मोठ्या कारखान्यात शिरले तर दारात टेम्पो लागलेला आणि आत हौद्यात एक बाई पेंढ्यात गुडघाभर उभी. पंचावन्नच्या आसपासची, काटक, नऊवारी कासोटा घट्ट मारलेला. खालून बायका एकेक गणपती वर देत होत्या आणि ती तो पेंढ्यात बसवत होती. तिचं नाव ठमाबाई, हे मला एका रंगवणारणीने सांगितलं. टेम्पो कुठे निघालाय विचारलं, तर म्हणाली, रोह्याला. माझा जीव अर्धा भांड्यात पडला.

"काय पायजे गो बाय?" ठमाबाईने वरूनच विचारलं.

"गाडीची काच न्यायची आहे रोह्याला. पेणमधून."

"आमी गणपती नेतो. काचा नाय नेत."

"दाजींनी पाठवलंय मला."

"कोन दाजी?"

एरवी मी तिथेच दोन शब्द सुनावून निघाले असते, पण मंगळवारचा भंगारवाला डोळ्यांपुढे उभा होता. म्हणून पहिल्या काचेचं काय झालं ते सगळं सांगितलं. गादीचं ऐकताना तिचा हात पेंढ्यातच थांबला.

"निजवलीस?" तिने कपाळावर हात मारला. "अगो, जाताना कुनाला निजवायचं नसतं. उभं न्यायचं, नायतर बसवून. त्या काचेची काय चूक होती?" मग हौद्यात नजर फिरवून म्हणाली, "टेम्पो पेनवरनंच जातो. मधी जागा ठेवते. मी येते पेनपावेतो."

ही बाई माझ्यासाठी नाही, काचेसाठी तयार झाली. मला ते आवडलं.

तासभर मी तिचं काम बघत उभी राहिले. आयुष्यभर मी बँडेज बांधली आहेत, त्यामुळे घट्ट आणि आवळलेलं यातला फरक मला कळतो. ती प्रत्येक मूर्तीखाली पेंढा अंथरायची, तळहाताच्या मुळाने दाबायची, मूर्ती टेकवायची आणि बाजूंनी पेंढ्याच्या मुठी खोचत जायची. कुठे तीन मुठी, कुठे पाच. मोजत नव्हती. सोंडेशी खोचताना तिची बोटं अशी हलकी व्हायची की मला आमच्या दवाखान्यातल्या एका जुन्या दाईची आठवण झाली. मी मनातल्या मनात तिला हात जोडले. तोंडाने बोलले नाही, कारण मला तशी सवय नाही.

दुपारी पेणला दुकानापाशी आलो. दुकानदाराने शेवटची काच माळ्यावरून उतरवली. ठमाबाईने ती लगेच घेतली नाही. आधी अंगठ्याचं नख काचेच्या कडेवरून सगळीकडून फिरवलं. एका कोपऱ्यापाशी थांबली आणि मला बोट लावायला सांगितलं. तिळाएवढा टवका होता. दुकानदाराला माहीत नव्हता, मला तर दिसलाही नव्हता.

"हा कोपरा वर ठेवू," ती म्हणाली. "खालच्या कडंवर भार येतो."

तिने पेंढ्याचा जाड दोर वळला, काचेच्या कडेला सगळीकडून गुंडाळला आणि गणपतींच्या दोन रांगांमध्ये काच उभी केली. तेवढ्यात मी माझ्या उशा पुढे केल्या.

"या खाली घालू या. मऊ राहील."

"घरातल्या हायत?"

"हो. स्वच्छ आहेत."

"मानूस निजल्याली उशी देवाच्या शेजारी नाय ठेवत. ऱ्हाऊ दे."

मला वाटलं, सोवळ्याओवळ्यापायी ही माझी काच घालवणार. शेवटची काच! ती शेजारच्या टपरीवर चहा प्यायला गेली. टेम्पोचा ड्रायव्हर रघूही तिच्या मागोमाग गेला. मी इकडेतिकडे बघितलं, टेम्पोच्या मागच्या उघड्या फळीवरून हात आत घातला, काचेच्या बुडाचा पेंढा जरा उपसला आणि तिथे एक उशी सरकवली. वरून पेंढा सारखा केला. पासष्टाव्या वर्षी चोरासारखी. पण मला फार बरं वाटलं.

ठमाबाई परत आली, काचेसाठी बाजूला केलेले गणपती पुन्हा जागी लावले, उरलेला पेंढा भरला, फळी लावली. मग तिने दोन्ही हात फळीवर ठेवले, सगळं अंग टाकून टेम्पो गदागदा हलवला आणि कान फळीला लावला.

"वाजतंय," ती म्हणाली.

"काही वाजत नाही," मी म्हटलं. "निघू या. चार वाजत आले."

तिने पुन्हा हलवलं, पुन्हा ऐकलं. "मधी काय तरी हलतंय. उपसायला लागंल."

"अहो, एवढे गणपती परत खाली काढणार? पाऊस यायला लागलाय! माझा सोमवार चुकला तर गाडी जाईल माझी!" मी रस्त्यात उभी राहून ओरडले. दुकानदार बाहेर आला. टपरीवरचे लोक बघायला लागले.

ठमाबाई शांतपणे म्हणाली, "वाजनारा माल मी आजवर धाडला नाय." आणि फळी उघडली.

एकोणीस गणपती तिने एकेक करून दुकानाच्या ओट्यावर गोणपाटावर उतरवले. भुरभुर पाऊस होता. मी वर प्लॅस्टिक धरून उभी. प्रत्येक गणपती खाली आला की अजून किती उरले ते मी मोजत होते, कारण ठमाबाईचा हात कुठे पोचणार हे फक्त मलाच माहीत होतं. शेवटी तिचा हात काचेच्या बुडाशी गेला आणि उशी बाहेर आली. वर मी स्वतः विणलेली गुलाबाची फुलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

"ही तुमची का?" तिने विचारलं. इतका वेळ अगं-तुगं करणारी बाई एकदम अहो-जाहोवर आली, ते मला जास्त लागलं.

"माझी."

"बुडाला मऊ असलं का काच डुलती. डुलली का शेजारच्या गणपतीला लागती, आन गणपती काचेला. दोगंबी जातात." तिने उशी माझ्या हातात दिली. "उशी मानसाला बरी."

पस्तीस वर्षांत मी एकाही डॉक्टरची माफी मागितली नव्हती. चुकले तेव्हासुद्धा. त्या दिवशी भर रस्त्यात, पावसात, मी ठमाबाईला म्हटलं, "चुकलं माझं. मला काही कळत नव्हतं आणि मी शहाणपणा केला." तिने मान हलवली आणि एकोणीसच्या एकोणीस गणपती पुन्हा भरले. तितक्याच सावकाश, प्रत्येकाला पुन्हा तितक्याच मुठी. माझ्यावरचा राग तिने एकाही मुठीत उतरू दिला नाही. मला ते जमलं नसतं, अजूनही जमत नाही.

पुन्हा टेम्पो हलवला, कान लावला. या वेळी तिने रघूकडे बघून हात केला. मला म्हणाली, "उशी खाली घेऊन बसा. रस्ता वाईट हाय." आणि सहा आसनी रिक्षात बसून हमरापूरला निघून गेली.

रस्ता वाईटच होता. माझी हाडं खिळखिळी झाली, उशी असून. पण मागून एक आवाज आला नाही. ज्या खड्ड्याने पहिली काच घेतली, त्याच खड्ड्यात टेम्पो धाडकन उतरला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. काहीच नाही. रघू म्हणाला, "ठमाबाईनं भरलाय, शिस्टर. डोळे उघडा."

रोह्याला दाजींनी काच उतरवून घेतली, पेंढा सोडवला आणि किती तरी वेळ काच बघायच्या ऐवजी तो पेंढ्याचा दोरच बघत राहिले. "कुनी बांधलं हे?" म्हणाले. मी नाव सांगितलं. त्यांनी तो दोर टाकला नाही, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवला.

शनिवारी काच बसवायची होती. दाजींनी काचेला सगळीकडून रबर चढवलं, रबराच्या आतल्या खाचेत बारीक दोरी फिरवली आणि तिची दोन्ही टोकं खाली मधोमध सोडली. साबणाचं पाणी लावून काच बाहेरून चौकटीला टेकवली. मग आतून दोरी ओढत जायची, म्हणजे रबराची कड चौकटीवरून आत येते. गुडघ्यांमुळे दाजींना गाडीत वाकून बसता येईना. ते बाहेरून दाबणार होते.

"शिस्टर, तुमी आत बसा. टाके काढता ना? तशीच दोरी ओढा. सरळ आपल्याकडं, दमानं. मी दाबीन तितकीच ओढायची."

मी डाव्या सीटवर बसले. काचेपलीकडे दाजींचे दोन तळवे दिसत होते. ते एक वीत सरकायचे, मी एक वीत ओढायची. मध्ये एकदा रबर अडलं. नेहमीसारखा हिसका द्यावासा वाटला, पण पावसात पेंढ्याच्या मुठी खोचणारी ठमाबाई आठवली आणि हात आवरला. दाजींनी साबणाचं पाणी सोडलं, तळवा दाबला, रबर आलं. शेवटचा कोपरा आत बसला तेव्हा दाजी काचेतून माझ्याकडे बघून हसले. त्या माणसाला हसताना मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

सोमवारी पेणला साहेबांनी हॉर्न ऐकला, ब्रेक बघितले, दिवे बघितले. काचेवर बोटाने ठोकलं, रबरावरून हात फिरवला आणि विचारलं, "ही कुठे मिळाली तुम्हाला?"

"काच पेणला मिळाली," मी म्हटलं. "ती शाबूत आणणारी हमरापूरला मिळाली." ते हसले आणि सही केली. गाडी पाच वर्षांसाठी पास.

मी तिथूनच मोरूला फोन लावला. तो म्हणाला, "बरं. त्या माणसाला नको म्हणून सांगतो." आणि मग हळूच म्हणाला, "आई, बरं झालं."

गाडी मी रोह्याकडे वळवली नाही, हमरापूरकडे घेतली. बाजारातून एक नवी कोरी उशी घेतली होती. ठमाबाईच्या हातात दिली आणि म्हटलं, "कुणी निजलेलं नाही हिच्यावर." ती इतकी हसली की आतल्या रंगवणारणी ब्रश हातात घेऊन बाहेर आल्या.

मग तिने गाडीला एक फेरी मारली. काचेची कड नखाने तपासली. आणि सवयीने दोन्ही हात टपावर ठेवून गाडी हलवली.

"काच बरी बसली गो," ती म्हणाली. "पन ह्या अंगाला दार वाजतंय."

"ते वाजणारच. माझे यजमान ते हाताने धरून बसायचे, तेवीस वर्षं. आता कोण धरणार?"

ती आत गेली, मूठभर पेंढा घेऊन आली. त्याचा बोटाएवढा पीळ वळला, कुलपाच्या फटीत बसवला, काढला, दोन काड्या कमी केल्या, पुन्हा बसवला. दार लावलं, हलवलं, कान लावला. "आता जा," म्हणाली.

वडखळ गेलं, नागोठणं गेलं. इंजिनाचा आवाज येत होता, वायपरचा येत होता, डावीकडून काहीही येत नव्हतं. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही.

कुंडलिकेच्या पुलावर गाडी आली. पुलावरचे सांधे धडधड करत चाकाखालून गेले आणि दार गप्पच राहिलं. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी डाव्या सीटकडे बघितलं आणि म्हटलं, "सोडू नका हं."